पहिल्या आवृत्तीच्या खुणा

शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयातील जुन्या कपाटांची झाडलोट होते, याद्या नव्याने तपासल्या जातात आणि जीर्ण पुस्तके बाद करण्याचा विषय कार्यकारी मंडळापुढे येतो. अशा वेळी एक युक्तिवाद हमखास केला जातो. या पुस्तकाची सुबक, नवी आवृत्ती आपल्याकडे आहे. मग ही पिवळी पडलेली, पाने सुटलेली प्रत जागा अडवून कशाला ठेवायची? जागेच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु ती जीर्ण प्रत पहिल्या आवृत्तीची असेल, तर रद्दीच्या भावाने आपण काय देऊन टाकीत आहोत याचा विचार आधी व्हावयास हवा. आणि विचार व्हावयाचा तर ती प्रत ओळखता यावयास हवी. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे. विवेचन विसाव्या शतकातील पुस्तकांपुरते आहे. त्याआधीच्या शिळाप्रेसच्या पुस्तकांचे शास्त्र निराळे.

प्रथम 'आवृत्ती' या शब्दाविषयी. इंग्रजी ग्रंथसूचीकारांच्या परिभाषेत एकदा केलेल्या जुळणीवरून जेवढ्या प्रती निघतील त्या सर्वांची मिळून एक आवृत्ती होते. त्याच जुळणीवरून निरनिराळ्या वेळी ज्या खेपा छापल्या जातात त्यांना 'इंप्रेशन' म्हणतात. संग्राहक जिच्या मागे असतो ती वस्तुतः पहिल्या आवृत्तीची पहिली खेप. मराठीत हा भेद रुजला नाही. त्याचे कारण छापखान्यातील परिस्थितीत शोधावे लागते. देवनागरीच्या एका संचाला जोडाक्षरे धरून शेकड्यांनी निरनिराळे खिळे लागत आणि शिशाचा साठा तर बेताचा. एक फर्मा छापून झाला की जुळणी मोडून खिळे पुन्हा खणांत टाकावेत, तेव्हा पुढचा फर्मा उभा राहावा, अशी रीत होती. हजार प्रती खपून पुस्तक पुन्हा काढावयाचे झाले तर जुळणी पहिल्या अक्षरापासून. म्हणजे त्या काळची 'दुसरी आवृत्ती' बहुधा खरोखरच दुसरी आवृत्ती असे. जुन्या चुका दुरुस्त होत आणि नव्या चुकांची भर पडे. लेखक हयात असेल तर तो मजकुरातही हात घाली, एखादे प्रकरण गाळी, प्रस्तावनेतील एखाद्याचे ऋणनिर्देश वगळी. पुढे ऑफसेट मुद्रण आले, छापील पानांचेच छायाचित्र घेऊन पुस्तक पुन्हा काढणे सोपे झाले. तरी पुस्तकावर 'चौथी आवृत्ती', 'पाचवी आवृत्ती' हेच शब्द राहिले. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत शब्दाशब्दाचा फरक असावा आणि सातव्या व आठव्या आवृत्तीत काडीचाही नसावा, असे सहज घडते.

आता पहिला साक्षीदार. शीर्षकपृष्ठाच्या पाठीमागच्या पानावर बारीक अक्षरांत मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ असते. ते सौजन्यापोटी छापलेले नाही. १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर ही माहिती देणे सक्तीचे ठरले. पुस्तकाच्या प्रती सरकारात भराव्या लागत आणि दर तिमाहीस त्यांची यादी सरकारी गॅझेटातून प्रसिद्ध होई. या यादीत नोंदावयाच्या बाबी कायद्यानेच ठरवून दिल्या होत्या. ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, पृष्ठसंख्या, आकार, किंमत, प्रसिद्धीची तारीख, आवृत्ती पहिली की दुसरी, आणि त्या आवृत्तीच्या प्रती किती, हे सर्व त्यांत येते. परकीय सरकारला प्रजेच्या लेखनावर नजर ठेवावयाची होती. त्या संशयातून अभ्यासकांच्या हाती असे साधन आले की स्वतःहून कोणी ते सिद्ध केले नसते. हा कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२३ च्या नव्या कायद्याने तो रद्द झाला आणि १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या व्यवस्थेत पुस्तके मोडत नाहीत.

मात्र आपल्यासारख्या ग्रंथालयाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही संस्थाने आणि पोर्तुगीज अमलाखालील गोवा या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. तेथे छापलेले मराठी पुस्तक मुंबई इलाख्याच्या यादीत सापडले नाही म्हणून ते निघालेच नव्हते असे समजू नये. त्यासाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहावी. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये व १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका व्यक्तीने उभे केलेले एवढे काम मराठीत दुसरे क्वचितच असेल. तरीही सूची ही सूचीच. जी प्रत कोणाच्याच दृष्टीस पडली नाही ती तिच्यात येणार नाही, आणि अशी प्रत कित्येकदा महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या जुन्या कपाटातच पडून असते.

कायद्याची सक्ती असूनही शीर्षकपृष्ठ मुद्दाम मुके ठेवलेली पुस्तकेही आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ १९०९ मध्ये इंग्रजीत प्रथम निघाला तो लेखकाच्या नावाविना. प्रसिद्ध होण्याआधीच त्यावर बंदी आली होती, आणि 'पिक्विक पेपर्स'सारख्या निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टने चढवून त्याच्या प्रती हिंदुस्थानात धाडल्या गेल्या. बंदी उठली १९४६ मध्ये. गांधीजींचे 'हिंद स्वराज' नाताळमधील फिनिक्स येथे छापून जानेवारी १९१० मध्ये पुस्तकरूपाने निघाले, ते मुंबई सरकारने मार्चमध्ये जप्तीस पात्र ठरविले. अशा पुस्तकांची पहिली आवृत्ती जवळ बाळगणे हाच एके काळी गुन्हा होता. त्यामुळे ती एखाद्या कपाटात आढळलीच तर चुकीचे वेष्टन, फाडलेले पहिले पान किंवा बांधणीवर भलतेच नाव असण्याची शक्यता धरावी, आणि वरवरच्या नावावरून पुस्तक बाजूला टाकू नये.

सालाविषयी थोडा हिशेब लागतो. अनेक मराठी पुस्तकांवर केवळ शके असते. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकतो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८६४ म्हणजे १९४२ चा वसंत ते १९४३ चा वसंत. पुस्तकावर महिना नसेल तर सन एकच मानून चालत नाही. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावेत.

साल मिळाले, आवृत्ती 'पहिली' असेही छापलेले दिसले. तरी एवढ्यावर विसंबू नये. पुढच्या खेपेत जुनी ओळ तशीच राहून गेली, असे पुष्कळदा होते. तेव्हा पुस्तकाच्या अंगावरच्या इतर खुणा त्या ओळीशी ताडून पाहाव्या लागतात. मराठी पुस्तकांच्या बाबतीत आपले नशीब असे की, विसाव्या शतकाच्या मध्यावर चलन, टपाल आणि शुद्धलेखन या तिन्ही गोष्टी बदलल्या, आणि त्या प्रत्येक बदलाची तारीख आपल्याला ठाऊक आहे.

किमतीपासून सुरुवात करू. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वीच्या पुस्तकावर किंमत रुपये-आण्यांत असते, किंवा जुन्या पद्धतीने उभ्या रेघांत. '२॥ रुपये' म्हणजे अडीच रुपये. (आजच्या मुलाला हे दोनशे अकरा वाटतात, हे या लेखकाने पाहिले आहे.) 'नवे पैसे' हा शब्द दिसला तर पुस्तक साधारणपणे १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे, कारण १ जून १९६४ पासून 'नवे' हे विशेषण गळाले. 'पहिली आवृत्ती १९५०' असे म्हणणाऱ्या पुस्तकावर किंमत ३.५० छापलेली असेल, तर दोहोंतले एक विधान खोटे आहे. येथे एक सावधगिरी हवी. हजार प्रतींची आवृत्ती वर्षानुवर्षे पुरे, आणि मध्यंतरी किमती वाढल्या की प्रकाशक उरलेल्या प्रतींवर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवी किंवा रबरी शिक्का मारी. चिठ्ठीवरून निकाल देऊ नये. तिच्याखाली काय छापले आहे ते पाहावे.

पत्त्याचेही तसेच. 'गिरगाव, मुंबई ४' किंवा 'सदाशिव पेठ, पुणे ३०' असा पत्ता जुना. 'मुंबई ४०० ००४' किंवा 'पुणे ४११ ०३०' असा सहा आकडी पिनकोड दिसला की तो मजकूर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मुखपृष्ठाच्या मागे आयएसबीएन क्रमांक असेल तर प्रत १९८० नंतरच्या दशकांतली समजावी. भारतात ही पद्धत १९८५ पासून सुरू झाली. बडोद्याच्या श्रीसयाजी साहित्यमालेसारख्या मालांतील पुस्तकांवर 'पुष्प' म्हणून जो आकडा असतो तो मालेतील अनुक्रमाचा असतो. त्याचा आवृत्तीशी काही संबंध नाही.

या सर्वांहून मला महत्त्वाची वाटते ती खूण शुद्धलेखनाची, आणि इंग्रजी पुस्तकांच्या संग्राहकाला असे साधन नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तोवरच्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'तें पुस्तक', 'मीं पाहिलें' अशी शीर्षबिंदूंची दाटी असे. 'कवि' व 'गुरु' यांचे अन्त्य स्वर ऱ्हस्व असत, ते पुढे 'कवी', 'गुरू' असे दीर्घ झाले. एखाद्या जुन्या कादंबरीच्या शीर्षकपृष्ठामागे १९४८ साल असून आतल्या पानांत एकही अनावश्यक बिंदू नसेल, तर तो मजकूर १९६२ नंतर पुन्हा जुळवला आहे, असा कयास करण्यास हरकत नाही. उलट दिशेने मात्र हे अनुमान चालत नाही. जुन्या पानांवरून ऑफसेटने काढलेल्या प्रतीत बिंदू जसेच्या तसे येतात, आणि नियम न मानणारे लेखक व प्रकाशकही होतेच. तेव्हा पानाच्या पाठीवरून बोट फिरवावे. खिळ्यांची छपाई असेल तर अक्षरांचा ठसा कागदात उतरलेला कळतो. ऑफसेटचे पान गुळगुळीत लागते. 'अि', 'अी', 'अु' अशी सावरकरी बाराखडी दिसली तर ती लिपिसुधारणेच्या काळाकडे, म्हणजे बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दशकाकडे, बोट दाखविते. 'किर्लोस्कर' मासिकाने ती नेटाने वापरली होती.

काही पुस्तकांचा प्रकाशकच पुढे बदलला, तेथे काम सोपे होते. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला. पुढे तो कॉन्टिनेन्टलकडून निघत राहिला. खांडेकरांची स्वतःची 'ययाति' १९५९ मध्ये आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली. आज त्या अनुक्रमे मेहता व पॉप्युलर यांच्या नावावर आहेत. 'ययाति'च्या प्रतीवर साहित्य अकादमीच्या पारितोषिकाचा उल्लेख असेल तर ती १९६० नंतरची, ज्ञानपीठाचा असेल तर १९७४ नंतरची. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची पहिली आवृत्ती १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. एका पुठ्ठ्यात सलग बांधलेली 'स्मृतिचित्रे' समोर आली तर ती मागाहूनची एकत्रित आवृत्ती आहे की आपल्याच बाइंडरने चार भाग एकत्र शिवले आहेत, हे पृष्ठक्रमांक पाहूनच ठरवावे. मर्ढेकरांचे 'काही कविता' १९४७ मध्ये निघाले. त्यावर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. न्यायालयापुढे जी पाने होती ती कोणती, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला नंतरचा कोणताही समग्र संग्रह पुरणार नाही.

शेवटच्या पानांतील जाहिरातींकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. 'आमची इतर प्रकाशने' या यादीत पुस्तकाच्या छापील सालानंतर निघालेले एखादे पुस्तक आढळले, तर ती खेप उशिराची. मात्र येथेही फर्म्यांचा विचार करावा, कारण छापलेले फर्मे प्रकाशक गरजेप्रमाणे थोडे थोडे बांधून घेई आणि नव्या जाहिरातीचा कागद मागाहून जोडला जाई. पुस्तकात चिकटवलेले शुद्धिपत्र बहुधा पहिल्या आवृत्तीकडेच निर्देश करते, कारण पुढच्या जुळणीत त्या चुका दुरुस्त झालेल्या असतात.

आपल्या इंग्रजी विभागाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बहुतेक जुन्या ग्रंथालयांत 'गीतांजली'ची एखादी मॅकमिलन प्रत असते आणि ती १९१३ ची असली की पहिली समजली जाते. इंग्रजी 'गीतांजली' प्रथम नोव्हेंबर १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढली. प्रती ७५०, त्यांतल्या विक्रीस फक्त २५०. मॅकमिलनची आवृत्ती मार्च १९१३ ची, आणि त्याच वर्षी तिची अनेक पुनर्मुद्रणे झाली. त्यांचे महिने शीर्षकपृष्ठामागे दिलेले असतात. १९१० ची बंगाली 'गीतांजली' हे तर वेगळेच पुस्तक, तिच्यातील सर्व कविता इंग्रजीत नाहीत आणि इंग्रजीतील सर्व तिच्यात नाहीत. अमेरिकेत स्क्रिब्नर कंपनी १९३० पासून पहिल्या छपाईवर 'ए' हे अक्षर छापू लागली. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'च्या १९५२ च्या पहिल्या छपाईत ते आहे. त्याआधीच्या फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'त (१९२५) असे अक्षर नाही, तेथे चुका पाहाव्या लागतात. पहिल्या छपाईत २०५ व्या पानावर 'सिक इन टायर्ड' असे छापले गेले, ते दुसऱ्या छपाईत सुधारले. शतकाच्या उत्तरार्धात आकड्यांची रांग छापण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक खेपेस सर्वांत लहान आकडा काढून टाकतात, म्हणून रांगेत १ शिल्लक असेल तर बहुधा पहिली खेप. बहुधा म्हणण्याचे कारण, प्रत्येक प्रकाशकाची तऱ्हा निराळी आणि काहींची रांग पहिल्या खेपेतच २ पासून सुरू होई.

छापील सालाहून पुस्तकाचे शरीर अधिक विश्वसनीय का मानावे, याचे उत्तर १९३४ मध्ये लंडनमध्ये मिळाले. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोघा तरुण पुस्तकविक्रेत्यांनी एकोणिसाव्या शतकातील काही दुर्मीळ पुस्तिकांची तपासणी करून निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एलिझाबेथ ब्राउनिंगच्या सुनीतांवर 'रेडिंग, १८४७' असे छापले होते. पण कागदात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला, आणि तसा कागद इंग्लंडमध्ये १८७४ पूर्वी नव्हता. अक्षरांचे वळणही मागाहूनचे होते. या बनावट 'पहिल्या आवृत्त्यां'मागे टॉमस वाइझ हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला ग्रंथसूचीकार होता. मराठीत कोणी एवढा खटाटोप केला असेल असे वाटत नाही, कारण अजून तेवढा पैसा त्यात नाही. तपासणीची रीत मात्र तीच.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. संग्राहक ग्रंथालयाच्या प्रतीकडे नाक मुरडतात. पुस्तक कापडी बांधणीसाठी गेले की बाइंडर पहिल्याने मुखपृष्ठ काढतो, मग जाहिरातींची पाने, मग कडा कातरतो. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने काढलेली मुखपृष्ठे अशी किती नाहीशी झाली असतील याची गणना नाही. (दलालांचा जन्म मडगावचा, हे गोमंतकीय सभासदांना सांगावयास नको.) शिवाय पानापानावर शिक्के. तरीही ग्रंथालयाच्या प्रतीला तुच्छ लेखू नये. विसाव्या शतकाच्या अखेरीस जे इंग्रजी पुस्तक संग्राहकांत सर्वांत गाजले, त्या पहिल्या 'हॅरी पॉटर'च्या १९९७ च्या पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या खेपेत अवघ्या ५०० प्रती होत्या, आणि त्यांतल्या सुमारे ३०० ग्रंथालयांकडे गेल्या असे मानले जाते. त्यांचे शिक्के खरेदीदारांनी पत्करले.

आणि ग्रंथालयाच्या प्रतीजवळ एक साक्षीदार असा असतो की खासगी संग्रहाजवळ तो नसतो, तो म्हणजे दाखल नोंदवही. पुस्तक कोणत्या तारखेस, कोणाकडून, किती किमतीस आले, हे तिच्यात शाईने लिहिलेले असते. शीर्षकपृष्ठ फाटलेल्या 'विशाखा'वर दाखल क्रमांकाचा शिक्का असेल आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे १९४३ मधली तारीख व रुपये-आण्यांतली किंमत असेल, तर ती प्रत त्या तारखेनंतर छापलेली नाही, एवढे तरी कोणाच्याही तोंडी साक्षीवाचून सिद्ध होते. एकच पळवाट राहते. सभासदाने हरवलेल्या पुस्तकाच्या बदली नवी प्रत आणून दिली की काही ठिकाणी तिला जुनाच क्रमांक देत. म्हणून क्रमांक शेवटच्या पानाबरोबरच आतल्या ठरावीक गुप्त पानावरही आहे काय, शिक्क्याची धाटणी त्या काळची आहे काय, आणि नोंदवहीतील पृष्ठसंख्या हातातल्या पुस्तकाशी जुळते काय, हे पाहावे.

सध्या नोंदवह्यांतील माहिती संगणकावर चढविण्याचे काम बहुतेक ग्रंथालयांत झाले आहे किंवा चालू आहे. त्यात ग्रंथनाम, लेखक व दाखल क्रमांक उतरवून घेतात. दाखल झाल्याची तारीख, मूळ किंमत, विक्रेत्याचे नाव आणि शेरा हे रकाने वेळ वाचविण्यासाठी पुष्कळदा सोडून देतात, आणि काम झाल्यावर मूळ नोंदवह्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी जाऊन पडतात. बाद करावयाच्या पुस्तकांची यादी मंडळापुढे येण्याआधी त्या वह्या तेथून बाहेर काढाव्यात, आणि १९७२ पूर्वी दाखल झालेले एकही पुस्तक या चार रकान्यांशी ताडून पाहिल्याशिवाय रद्दीत घालू नये.